नाशिकहून मोंबासाला: मिशन ट्रिपला निघणाऱ्या विद्यार्थ्यासाठी सहा महिन्यांची तयारी

दरवर्षी नाताळ उरकला की आमच्या तरुण संघातलं कुणीतरी उपासनेनंतर गाठतं. "दादा, मिशन ट्रिपला जायचंय. तिकीट स्वस्त मिळतंय, काढून टाकू?" माझं उत्तर ठरलेलं असतं. तिकीट सगळ्यांत शेवटी. आधी पत्र, मग पासपोर्ट, मग लस, मग भाषा. तिकीट स्वस्त मिळालं म्हणून निघालेल्यांचे हाल मी पाहिलेत, आणि पहिल्या खेपेला ते थोडेफार माझेही झालेत.

हा लेख केनियाच्या किनाऱ्यावर, मोंबासा आणि आसपासच्या मंडळ्यांत तीन-चार आठवडे सेवेला जाणाऱ्या विद्यार्थ्यासाठी आहे. केनियाच का, याला कारण आहे. नाशिकचा शरणपूर रोड सगळ्यांना माहीत असतो, पण शरणपूरने कोणाकोणाला शरण दिलं हे फार थोड्यांना ठाऊक असतं. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडायचं. सुटका झालेल्या आफ्रिकी मुलांपैकी अनेकांना मुंबईला उतरवून चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपूरच्या वस्तीत ठेवलं जाई. तिथे ती वाचायला-लिहायला शिकली, सुतारकाम आणि लोहारकाम शिकली. त्यांतलाच जेकब वेनराइट. 1873 मध्ये आफ्रिकेत फिरणारे मिशनरी-संशोधक डॉ. लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा दफनविधीची प्रार्थना त्याने वाचली, झाडावर अक्षरं कोरली, आणि 1874 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता. पुढे मोंबासासमोर फ्रेअरटाउन नावाची मुक्त गुलामांची वस्ती उभी राहिली, तेव्हा तिथे गेलेल्या या 'बॉम्बे आफ्रिकन्स' मंडळींनी शिक्षक, सुतार आणि उपदेशक म्हणून कामं केली. वस्तीला नाव मिळालं ते मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचं. तिथली जुनी घंटा अजून आहे आणि त्या चौकाला केंगेलेनी म्हणतात, कारण स्वाहिलीत घंटेला 'केंगेले' म्हणतात.

हे इतकं सांगतोय कारण तयारीची दिशा यातूनच ठरते. ती माणसं अक्षरओळख आणि हातात एक कसब घेऊन गेली. शिवाय 2019 च्या जनगणनेनुसार केनियात शंभरातले 85 लोक ख्रिस्ती आहेत. आपल्या महाराष्ट्रात 2011 च्या जनगणनेप्रमाणे शंभरात एक. तेव्हा 'आपण जाऊन त्यांना सुवार्ता सांगू' ही कल्पना घरीच ठेवा. आपण पाहुणे म्हणून जातोय, आणि पाहुणा कामाचा निघाला तर यजमानाला बरं वाटतं, एवढंच.

सहा महिने आधी: बोलावणं आणि पत्र

पहिलं काम, कोण बोलावतंय ते पक्कं करणं. इंटरनेटवर ओळख झालेल्या, स्वतःला बिशप म्हणवणाऱ्या कुणाच्या 'मिनिस्ट्री'चं आमंत्रण कितीही गोड असलं तरी त्यावर विसंबू नका. 2023 मध्ये मालिंदीजवळच्या शाकाहोला जंगलात एका उपदेशकाच्या नादी लागून उपाशी राहिलेल्या लोकांचे 400 हून जास्त मृतदेह सापडले. तो भाग याच किनाऱ्यावर, किलिफी जिल्ह्यात आहे. तेव्हापासून अनोळखी उपदेशकांकडे सरकारही आणि शेजारीपाजारीही बारकाईने बघतात. आपल्या पाळकसाहेबांमार्फत, डायोसीज ते डायोसीज, म्हणजे धर्मप्रांत ते धर्मप्रांत, असा पत्रव्यवहार होऊ द्या. सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या) मंडळीला केनियाचं अँग्लिकन चर्च नात्यातलंच आहे. कॅथलिक असाल तर तुमच्या पॅरिशच्या फादरांना धर्मसंघाच्या वाटेने विचारता येईल. वेळ लागतो, दोन-तीन महिनेसुद्धा, पण ही वाट भरवशाची आहे.

आमंत्रण पत्रात चार गोष्टी लिहून मागा: तुम्ही नेमकं काय करणार, किती दिवस, राहणार कुठे, आणि तिथे तुमची जबाबदारी कोणाची. 'मिनिस्ट्री अँड फेलोशिप' एवढ्यावर भागवलेलं पत्र परत पाठवा. आमच्यातल्या एका मुलीने आग्रह धरून 'शाळेच्या संगणक खोलीतली बंद यंत्रं दुरुस्त करणं आणि दोन शिक्षकांना ते शिकवणं' असं लिहून घेतलं. तिचे तीन आठवडे कसे गेले ते तिलाच कळलं नाही. ज्याच्या पत्रात 'फेलोशिप' होती तो रोज सकाळी व्हरांड्यात बसून आज काय करायचं ते विचारत होता. तो मीच.

पत्र आलं की परवान्याचा प्रश्न विचारून घ्या. केनियाला जाताना भारतीयांना आधी ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची मंजुरी, काढावा लागतो. पण फिरायला येणाऱ्याचा प्रवेश वेगळा आणि सेवेला येणाऱ्याचा वेगळा. बिनपगारी कामही तिथे काम धरलं जाऊ शकतं. धार्मिक आणि सेवाभावी कामासाठी 'क्लास आय' नावाचा परवाना आहे, थोड्या दिवसांसाठी स्पेशल पास असतो. तुमच्या कामाला यातलं काय लागेल ते यजमान चर्चने त्यांच्या इमिग्रेशन खात्याला विचारून लेखी कळवावं. "टुरिस्ट लिहून टाक, सगळे तेच करतात," असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. देवाच्या कामाला निघताना पहिल्याच अर्जात खोटं लिहायचं, हे मला तरी पटत नाही. आणि पकडलं गेलं तर तुमच्याइतकंच त्या चर्चचंही नुकसान होतं.

पासपोर्ट आणि नावांचा घोळ

36 पानी साध्या पासपोर्टची फी 1500 रुपये आहे, तत्काळचे 2000 वर. परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने मुदत शिल्लक हवी. हे सगळीकडे लिहिलेलं असतं. जे लिहिलेलं नसतं ते आपल्या समाजातलं दुखणं: बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आधारवर तिसरंच स्पेलिंग. आजोबांनी ठेवलेलं 'शांतवन' आणि घरात हाक मारायला 'सॅमी', आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर 'सॅम्युएल'. अर्ज भरण्याआधी सगळी कागदपत्रं जेवणाच्या टेबलावर शेजारी-शेजारी मांडा आणि एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. दुरुस्ती करायची तर आत्ताच. कारण पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं ईटीएवर, लसीच्या कार्डावर आणि तिकिटावर जाणार आहे.

लहान मुलांत काम असेल तर पासपोर्ट कार्यालयातून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटही काढा, फी 500 रुपये. यजमानाने मागितलं नसलं तरी न्या. न मागता दिलेला कागद बघून तिथल्या मुख्याध्यापिकेचा चेहरा कसा बदलतो ते मी पाहिलंय. कॉलेजचं बोनाफाइड आणि पाळकांचं पत्र, या दोन्हींच्या इंग्रजी प्रती सोबत असू द्या.

कधी जायचं

यात एक अडचण आहे. आपली उन्हाळी सुट्टी एप्रिल-मे, आणि तिथे त्याच दिवसांत मोठा पाऊस. मार्चअखेर ते मे-जून किनाऱ्यावर धो-धो कोसळतो, कच्चे रस्ते चिखलात जातात, डासही वाढतात. छोटा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे नेमकी आपली दिवाळीची सुट्टी. जून संपता-संपता हवा सगळ्यांत छान असते, पण तेव्हा आपली कॉलेजं उघडत असतात. मला विचाराल तर शेवटच्या परीक्षेनंतरचा, निकालाआधीचा काळ गाठा आणि पावसाची तयारी ठेवून जा. कोकणात आजोळ असणाऱ्याला हा पाऊस नवा नाही.

पैसे

आमच्याकडे अजूनही हंगामाच्या सणाला चर्चच्या आवारात लिलाव होतो. कुणी पपई आणतं, कुणी कोंबडी, कुणी ओवाळून ठेवल्यासारखी सजवलेली कणसांची जुडी. दहा रुपयांची पपई चारशेला जाते, घेणारा ती परत लिलावाला ठेवतो आणि ती पुन्हा तीनशेला जाते. मिशन ट्रिपचा पैसा उभा करायला याहून चांगली जागा नाही. मात्र आधी पास्टोरेट कमिटीकडे लेखी अर्ज करा आणि पैसा चर्चच्या खात्यात, तुमच्या नावाच्या वेगळ्या नोंदीखाली जमा होऊ द्या. स्वतःच्या मोबाईलवरचा क्यूआर कोड फिरवत देणग्या गोळा करू नका. हेतू कितीही स्वच्छ असला तरी चर्चा व्हायची ती होतेच. परदेशातला नातेवाईक किंवा संस्था मदत पाठवते म्हणाली तर खजिनदारांशी बोलल्याशिवाय हो म्हणू नका. धार्मिक कामासाठी बाहेरून येणाऱ्या पैशाला आपल्याकडे एफसीआरएचे, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याचे, नियम लागू होतात.

एका सहलीसाठी परकीय चलनाच्या नोटा 3000 डॉलरपर्यंत नेता येतात. विद्यार्थ्याला त्याच्या दशांशानेही भागतं. नोटा नव्या छपाईच्या, न दुमडलेल्या मागून घ्या. पूर्व आफ्रिकेत जुन्या मालिकेच्या डॉलरला दुकानदार नाक मुरडतात. तिथे पोचल्यावर पासपोर्ट दाखवून सिमकार्ड घ्या आणि एम-पेसा सुरू करून घ्या. आपल्याकडे यूपीआयचं जे झालं ते त्यांच्याकडे 2007 पासूनच सुरू झालं. भाजीवालीपासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत सगळं त्यावर चालतं.

लस आणि गोळ्या

पहिली लस पिवळ्या तापाची, म्हणजे येलो फीव्हरची. केनियातून भारतात परतताना हे कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. इथे वाद घालून काही होत नाही. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, म्हणून निघण्याआधी निदान महिनाभर तरी टोचून घ्या. ती सरकारमान्य ठरावीक केंद्रांतच मिळते. मुंबई-पुण्यात अशी केंद्रं आहेत. यादीत नसलेल्या दवाखान्याचं कार्ड चालत नाही. एका कुपीत अनेकांचे डोस असल्यामुळे बरीच केंद्रं ठरलेल्या वारी, ठरलेल्या संख्येलाच बोलावतात. तेव्हा आधी फोन, मग एसटी. मूळ पासपोर्ट सोबत न्या, कारण कार्डावर त्याचा नंबर लिहितात. अंड्याची ॲलर्जी असेल, किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारं औषध चालू असेल, तर टोचण्याआधी डॉक्टरांना सांगा. एकदा घेतली की 2016 पासूनच्या नियमाप्रमाणे आयुष्यभर पुरते, तेव्हा ते पिवळं कार्ड जपून ठेवा.

किनाऱ्यावर मलेरिया आहे, आणि तो फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे डोक्यात जाणारा. प्रतिबंधक गोळ्या कोणत्या घ्यायच्या ते डॉक्टरच ठरवतील. "मी नाशिकचा, मला डास चावून सवय आहे," हे वाक्य मी एका पोराच्या तोंडून ऐकलंय. चौथ्या आठवड्यात तो तिथल्या मिशनच्या दवाखान्यात सलाईन लावून पडला होता. गोळ्यांसोबत मच्छरदाणी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि टायफॉइड, हिपॅटायटिस ए, धनुर्वात या लसींचं विचारून घ्या. प्रवासविमा घेताना मोटरसायकलवर मागे बसून झालेला अपघात त्यात धरलाय का ते वाचा. तिथे 'बोडाबोडा' म्हणजे भाड्याची मोटरसायकल हे रोजचं वाहन आहे, आणि बऱ्याच विम्यांत ते बसत नाही.

तीन महिने आधी: स्वाहिली

पुण्यात कितीतरी आफ्रिकी विद्यार्थी शिकतात. त्यांतला केनियाचा किंवा टांझानियाचा एखादा शोधा, रविवारी घरी जेवायला बोलवा, आणि त्याच्याकडून शिका. ॲपवर शिकण्यापेक्षा हे दहापट बरं. त्याला कांदेपोह्याचा घास घेताना 'हे काय' ते विचारता येईल आणि तुम्हाला 'हे स्वाहिलीत काय' ते. या भेटीचा आणखी एक उपयोग आहे. भाड्याची खोली शोधताना, रिक्षात बसताना आपल्या लोकांनी त्याच्या रंगावरून काय-काय ऐकवलं ते तो सांगेल. ते निमूट ऐका. त्याच्या देशात सेवेला जायच्या आधी एवढं तरी आपण ऐकलंच पाहिजे.

भाषा वाटते तितकी परकी नाही. समुद्रापलीकडचा व्यापार शेकडो वर्षांचा, त्यामुळे 'चाय', 'चपाती', दुकानाचं 'डुका', गाडीचं 'गारी', पुस्तकाला 'किताबू', जगाला 'दुनिया', 'खबर'ची 'हबारी'. कुणी "हबारी?" म्हटलं की "न्झुरी" म्हणायचं. वडीलधाऱ्यांना "शिकामो", ते उत्तरादाखल "मराहाबा" म्हणतात. हा आपल्या नमस्काराइतकाच सक्तीचा. आजीबाईला नुसतं 'हाय' करणारा तिथे बिनवळणाचा ठरतो. चर्चमध्ये समोरचा "ब्वाना येसू असिफिवे" म्हणाला की "आमेन". मूल म्हणजे 'मटोटो', मुलं 'वाटोटो'. शब्दाचं शेपूट तसंच राहतं आणि डोकं बदलतं, हे एकदा कळलं की अर्धं व्याकरण आलं.

घड्याळ मात्र नीट समजून घ्या. स्वाहिलीत दिवस सकाळी सहाला सुरू होतो. 'साआ मोजा', म्हणजे एक वाजला, याचा अर्थ आपले सकाळचे सात. मला 'साआ न्ने'ला तरुणांच्या सभेला बोलावलं होतं. न्ने म्हणजे चार, एवढं मला येत होतं, म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून दुपारी चारला हजर झालो. सभा सकाळी दहाला सुरू होऊन कधीच संपली होती. एका ताईंनी माझ्या वाटणीचा उगाली आणि सुकुमा विकी, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि हिरवी पालेभाजी, ताटलीखाली झाकून ठेवलं होतं. गार झालेलं. त्या हसत होत्या, आणि मला घास गिळवत नव्हता. सहा तास मिळवा किंवा वजा करा, आणि तरीही "सकाळी की संध्याकाळी?" हे विचाराच.

साक्ष द्यायची तयारी

पहिल्याच रविवारी तुम्हाला उभं करतील आणि "मंडळीला सलाम सांगा" म्हणतील. नाही म्हणायची सोय नाही. तीन मिनिटांची साक्ष इंग्रजीत लिहून पाठ करा. शेजारी उभा असलेला भाऊ ती वाक्यावाक्याला स्वाहिलीत करील. यात आपण मराठी माणसं फसतो, कारण आपण विचार मराठीत करतो आणि क्रियापद शेवटी टाकतो. "लहानपणापासून आईवडिलांनी चर्चला नेलं असलं तरी बारावीत नापास झाल्यावर जे एकटेपण आलं त्यात..." इथपर्यंत दुभाषा तोंडाकडे बघत राहतो. त्यापेक्षा: "आई मला चर्चला न्यायची. मला कंटाळा यायचा. बारावीत मी नापास झालो. मित्र येईनासे झाले. एके दिवशी पाळक घरी आले." प्रत्येक वाक्यानंतर थांबा, त्याला पूर्ण करू द्या. मोबाईलवर ध्वनिमुद्रण करून, एका मित्राला दुभाषा करून मराठीतच चार वेळा सराव करा. उपदेश नको, विनोद तर अजिबात नको. भाषांतरात विनोदाचं पहिल्यांदा मातेरं होतं.

आणि एक भजन न्या. रेव्हरंड टिळकांचं, टाळांवर म्हणता येईल असं. उपासना तीन-तीन तास चालते, गाणं-नाचणं मनसोक्त असतं, पण टाळ त्यांनी पाहिलेला नसतो. आमचे टाळ मुंबईला क्ष-किरण यंत्रातून गेले तेव्हा तपासणीवाल्या बाईंनी बॅग उघडायला लावली, टाळ हातात घेतले, एकदा वाजवले आणि हसून परत दिले. केनियात मंडळीने तिसऱ्या कडव्यापर्यंत ठेका पकडला.

सामान

केनियात प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर ऑगस्ट 2017 पासून बंदी आहे आणि शिक्षा खरोखरची, मोठा दंड किंवा कैद. आपल्या घरची पद्धत आठवा: चप्पल एका पिशवीत, ओला टॉवेल दुसरीत, आणि आईने लोणच्याची बरणी तीन कॅरीबॅगांत गुंडाळून वर रबर लावलेलं. सगळ्या काढून कापडी पिशव्या भरा. लोणचं राहू द्या घरी. तिथे चपाती, भात, राजम्यासारखी कडधान्यं सगळं मिळतं. प्लग तीन चौकोनी पिनांचा, ब्रिटिश पद्धतीचा लागतो. पॉवर बँक हातातल्या बॅगेत.

मोंबासात मुस्लिम वस्ती मोठी आहे, तेव्हा मुलींना पंजाबी ड्रेस आणि ओढणी सगळ्यांत सोयीची. वाटायला जुने कपडे नेऊ नका. जुन्या कपड्यांचे ढीग तिथल्या 'मिटुम्बा' बाजारात आधीच आहेत. त्यापेक्षा सोल्डरिंगची पेटी, शिलाईच्या सुया, फुटबॉलचा पंप, म्हणजे तुमच्या कसबाची हत्यारं न्या. टोकदार ते सगळं चेक-इन बॅगेत.

तिथे वावरताना

नैरोबीला उतरून मोंबासाला जायला 2017 पासून नवी रेल्वे आहे, पाच-सहा तासांची. गाडीच्या खिडकीतून जुन्या रुळांची वाट दिसली तर एवढं माहीत असू द्या, की 1896 ते 1901 मध्ये तो पहिला मार्ग बांधायला हिंदुस्थानातून तीसेक हजार मजूर गेले होते आणि त्यांतले अडीच हजारांच्या घरात दगावले. त्यानंतर दुकानदार, कारकून म्हणून आपली माणसं तिथे वसली. पियो गामा पिंटो हा गोवेकर घराण्यातला पत्रकार केनियाच्या स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेला आणि 1965 मध्ये गोळ्या घालून मारला गेला. पण 'मुहिंदी', म्हणजे भारतीय, म्हटलं की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे बहुधा दुकानाच्या गल्ल्यावरचा मालक येतो. त्यामुळे पहिले काही दिवस लोक जरा अंतर राखतात. भांडी घासायला बसलात की ते आपोआप कमी होतं.

मुलांसोबत कधीही एकटं खोलीत थांबू नका, शाळेच्या परवानगीशिवाय फोटो काढू नका, आणि कुणाच्याही गरिबीचा फोटो तर कोणत्याच परवानगीने नको. लिकोनीच्या फेरीबोटीवर फोटो नकोत, आणि पोलिसांचेही नकोत. पासपोर्ट हरवला किंवा काही अडलं तर मोंबासात भारताच्या सहायक उच्चायुक्तांचं कार्यालय आहे; पत्ता कागदावर लिहून ठेवा, कारण मोबाईलही त्याच खिशातून जातो. 'मला पाचशे शिलिंग दे' म्हणणारे भेटतील. स्वतःच्या हाताने कुणालाही रोख देऊ नका. द्यायचंच असेल तर यजमान चर्चच्या हाती, पावती घेऊन.

परतल्यावर

पहिल्या रविवारी स्लाइड-शो लावायची घाई नको. आधी खजिनदारांना हिशेब द्या, उरलेले शिलिंग आणि पावत्यांसकट, आणि तो पास्टोरेटच्या सभेत वाचला जाऊ द्या. पपई चारशेला घेणाऱ्याला तो ऐकायचा हक्क आहे. यजमानांना पत्र लिहा, आणि जे पाठवीन म्हणालात ते पाठवा. नुसती आश्वासनं देऊन गेलेल्या पाहुण्यांची त्यांच्याकडे यादी आहे.

मलेरियाच्या गोळ्या मुंबईला उतरल्यावर लगेच बंद करू नका. डॉक्सिसायक्लिन असेल तर परतल्यानंतरही चार आठवडे चालू ठेवायची असते. आणि पुढच्या वर्षभरात कधीही थंडी वाजून ताप आला, तर डॉक्टरांसमोर बसताच पहिलं वाक्य हेच बोला: "मी केनियाला जाऊन आलोय."